सहा महिन्यांच्या आत

तारीख बाटलीच्या मानेवर असते,
पुसट, ओल्या अंगठ्याला लागणारी.
मी ती मे महिन्यात वाचली,
पाण्याची मोटार बिघडली तेव्हा.
प्लंबरनं जिन्याखालचं गोणपाट उचललं
आणि हलक्या आवाजात म्हणाला,
ताई, ह्या गेल्या.

बारा क्रेट आणले होते हळदीला.
लग्न मोडलं तसे मंडपवाल्यानं बांबू नेले,
धवलारणीनं इसार परत केला, वर म्हणाली,
तुजे धवले राखून ठेवतंय गो बाय.
रबाळे नाक्यावरच्या दुकानदारानं अकरा क्रेट घेतले.
बाराव्यातली एक फुटली होती,
म्हणून तो अख्खा क्रेट आमच्याकडे राहिला.

का मोडलं ते गोठिवलीत सगळ्यांना ठाऊक आहे.
त्यांनी चौथा मजला मागितला,
भाड्यासकट, जावयाच्या नावावर.
बाबा हो म्हणायच्या बेतात होते.
नाही मी म्हटलं,
चहाचा कप हातात असताना.

आता अकरा बाटल्या आणि गावभर सल्ले.
पदूआत्या म्हणाली, केसांना लाव, चमकतील.
लावली. महाप्याच्या ऑफिसात दिवसभर
माझ्या डोक्याला पावाचा वास येत होता.
टेबलाशेजारची वैजयंती दोनदा म्हणाली,
कुणीतरी डबा उघडलाय वाटतं.

रोहिदास म्हणाला, काही होत नाही तारखेनं,
आणि एक घोट घेऊन मोरीत थुंकला.

तांदळाच्या पिठात ओतली, ओल्या बोंबलांसाठी.
तीन बाटल्या तशा गेल्या, तीन रविवार.
असे कुरकुरीत कधी झाले नव्हते.
आईनं पिठात काय आहे ते विचारलं नाही,
चौथ्या रविवारी फक्त म्हणाली,
आज नेहमीसारखं कर.

रुखवताच्या पितळी हंड्याला एक चोळली.
हंडा उजळला, आणि उजळल्यावर
त्यावर कोरलेली दोन नावं
आधीपेक्षा स्पष्ट दिसायला लागली.
ह्याचा विचार आत्यानं केला नव्हता.

गच्चीत कढीलिंबाखाली बशी भरून ठेवली.
गोगलगायी येतात म्हणे, येतात आणि राहतात.
सकाळी नऊ होत्या,
शिंगं आत घेतलेल्या, तोंडं खाली.
कढीलिंबाची पानं ज्यांनी खाल्ली त्या ह्याच.
तरी मी बशी बराच वेळ उचलली नाही.

मग मोजल्या, तर एक कमी.
ती होती मोटारीच्या मागे,
रिकामी, आतून विसळलेली,
बूच परत घट्ट बसवलेलं.
आमच्या घरात बुचं परत लावणारा माणूस एकच,
जो डिसेंबरपासून त्या जिन्याकडे न बघता
अंग चोरून वर जातो.

शेवटची मी पायरीवर बसून उघडली.
फेस आला नाही. नुसता उसासा.
बाबा कामावरून आले, थांबले,
चपला काढून एक पायरी खाली बसले.
कशी लागते, म्हणाले.
भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी.
पत्रिकांच्या खोक्याच्या?
त्याच, म्हटलं.
ते हसले. हसताना खोकला आला,
मी पाठीवर हात फिरवला,
त्यांनी बाटली मागितली, मी दिली.
चौथ्या मजल्याचा भाडेकरू
कोथिंबिरीची जुडी घेऊन आमच्यामधून वर गेला,
सांभाळून, कुणाला पाय न लावता.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला.
बाटलीमागे एक रुपया.
बाबा म्हणाले, फुटकीचा पण दे,
लग्नातली आहे.
त्यानं दिला.